मोडक्या पट्टीचे गुण

चौथीला 'मापन' शिकवायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तो किती ग्रॅमचा, ते विचारू नका.

शिकवणं एक वेळ सोपं. 100 सेंटिमीटर म्हणजे 1 मीटर, 1000 मिलीलिटर म्हणजे 1 लिटर, सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, छताचे पत्रे थरथरतात. खरी परीक्षा माझी असते, प्रात्यक्षिकाच्या दिवशी. चौथीला आकारिक मूल्यमापन (वर्गातल्या रोजच्या कामावरचं) 60 गुणांचं आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) 40 चं. प्रात्यक्षिक आकारिकातलं. म्हणजे पोरांच्या हातात पट्टी देऊन त्यांना मोजता येतं का, हे समोर बसून बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं.

पट्ट्या वर्गात मिळून नऊ. त्यातल्या चार धडधाकट. बाकीच्यांचे शून्य मधल्या सुट्टीतल्या तलवारबाजीत कामी आलेले. मी मुद्दामच 3 पासून सुरू होणारी एक मोडकी पट्टी उचलली, पेन्सिल तिच्या 3 वर टेकवली. टोक आलं 12 वर.

"किती लांब?"

"बारा!" पहिला ओरडला. त्याच्या मते पेन्सिल जिथं संपते तो आकडा म्हणजे उत्तर; सुरुवात कुठून झाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरीनं बोट टेकवत तीन, चार, पाच अशा रेघा मोजल्या आणि "दहा" म्हणाली. मोजायच्या होत्या रेघांमधल्या जागा, पण जागा दिसत नाहीत, रेघा दिसतात. तिचं तरी काय चुकलं? तिसरा म्हणाला, "बाई, पट्टीच मोडकी, नवी आणा." (हे मी वरपर्यंत कळवलेलं आहे.) चौथ्यानं बरोब्बर नऊ सांगितलं. मी हरखून म्हटलं, "वहीत लिही." त्यानं लिहायला म्हणून आधी पेन्सिलीला टोक काढलं. आता ती साडेआठ.

मग वर्गाची लांबी पावलांनी मोजायला लावली. उत्तरं आली 19, 23 आणि 31. इथं मला आनंद व्हायला हवा होता, कारण प्रत्येकाचं पाऊल वेगळं म्हणून सगळ्यांचं माप एक हवं, हेच तर शिकवायचं होतं. पण 31 वाल्यानं 19 वाल्याला "लबाड" म्हटलं आणि धडा मारामारीपाशी थांबला. भांडण मिटवायला मी शिंप्याकडून आणलेली टेप काढली. टेबलाची रुंदी एका गटाची 24, दुसऱ्याची 61. दोन्ही बरोबर. टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर.

पोरांना तरी काय बोलायचं? मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. तरी अजून घरात जमीन गुंठ्यात, सोनं तोळ्यात, उंची फुटात, टीव्ही इंचात. एकाची आजी तांदूळ अजून मापट्यानंच घेते. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली, हे त्या पोराला घडाघडा येतं. या पाठांतराला नोंदवहीत रकाना नाही.

पण मला खरा घाम फोडला तो लेखी चाचणीनं. प्रश्न होता : 2 लिटर 250 मिलीलिटर = किती? डेअरीवाल्यांच्या पोरीनं लिहिलं, 'सव्वादोन लिटर'. उत्तरसूचीत 2250 मिलीलिटर. ही पोर रोज पहाटे बापाबरोबर दूध घालायला जाते, पाव लिटरचं माप हातात धरूनच मोठी झालेली. तिचं उत्तर चूक म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि सूचीत नाही त्याला गुण द्यायला हात धजेना. शेवटी अर्धा गुण दिला. वर्णनात्मक नोंदीत लिहिलं : 'एककांचे रूपांतर करताना सरावाची गरज आहे.'

संध्याकाळी नेहमीसारखी पातेलं घेऊन त्यांच्या दारात गेले. पोरगीच माप घेऊन बसली होती. पेपर सकाळीच वाटले होते.

"किती घालू, बाई?"

"सव्वा लिटर," मी म्हटलं.

तिनं माप किटलीत तसंच धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे किती मिलीलिटर, बाई?"