जहाजाच्या पोटात लढलेला माणूस

४ डिसेंबरला नौदल दिन येतो आणि कराचीच्या हल्ल्याच्या पोस्ट फिरायला लागतात. फिरायलाच हव्यात. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटींनी १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात त्या रात्री जे केलं त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच दिवशी पूर्वेला, बंगालच्या उपसागरात आपली विमानवाहू युद्धनौका विक्रांत होती. तिच्यावरून सी हॉक विमानं कॉक्स बझार आणि चितगावकडे झेपावत होती, आणि माझे वडील, नाना, तिच्या बॉयलर रूममध्ये स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी होते. त्यांनी एकही विमान उडताना पाहिलं नाही.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. भरतीआधी नानांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव. १९६६ ला नेव्हीत गेले, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर वाफेचं काम शिकले आणि विक्रांतवर लागले.

विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता. जहाज पूर्ण वेग घेऊ शकत नव्हतं. विमान उडवायचं तर डेकवर समोरून वारा हवा, आणि वारा पडला तर तो जहाजानं पळून मिळवायचा. विमान पुढे फेकणारं कॅटापल्टसुद्धा वाफेवरच चालायचं. म्हणजे वर वैमानिक बसलेला, आणि त्याचा जीव खाली घामानं निथळणाऱ्या पोरांच्या हातात. नाना सांगतात, फार तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. पाइप कुठं फुटलाय ते शोधायला काठीला चिंधी बांधून पुढं धरायची. चिंधी फाटली की समजायचं, इथं आहे. तिथं हात गेला असता तर हात राहिला नसता.

लढाईत वरची झाकणं बंद व्हायची. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला तर खालच्यांना वर यायला वाट नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. पाकिस्तानची पाणबुडी गाझी विक्रांतलाच शोधत आली होती. ती विशाखापट्टणमजवळ बुडाली. पण ९ डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी गेली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी समुद्रात राहिले. लोणावळ्याला नानांच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मुलगा त्यांत होता. खुकरीचं नाव निघालं की नाना आजही उठून अंगणात जातात.

पुढच्या वर्षी ते रजेवर आले. साताऱ्याहून पुसेगावमार्गे दहिवडीची एसटी, खिडकीतून दिसणारी रानं करपलेली. बहात्तरचा दुष्काळ. गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि खडी फोडणाऱ्या बायकांत त्यांची आई बसलेली. गाडी थांबवून ते उतरले, ट्रंक कडेला ठेवली आणि आईच्या हातातला हातोडा घेतला. त्या रजेत त्यांना लढाईबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. घराघरात दुष्काळी मदतीतली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी चालली होती, कोण काय विचारणार? गावाला मी दोष देत नाही. पण नंतरच्या पन्नास वर्षांतही कुणी विचारलं नाही, हे मला टोचतं.

१९८१ ला पेन्शन घेऊन आले आणि कऱ्हाडकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर लागले. गळीत हंगामात रात्रपाळी. आवाज बदलला की पाइपला हात लावून सांगायचे, काय बिघडलंय. त्याच आवाजानं कान गेले.

आता नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. गेल्या वर्षी बँकेत मशीन त्यांचा अंगठा घेईना. बोटांची कातडी तेव्हाच भाजून गुळगुळीत झालीय. दोन तास उभे होते. समोरचा माणूस मोठ्यानं बोलत होता, नानांना ऐकू येत नव्हतं, आणि तो चिडत होता. जिवंत माणूस समोर उभा असताना त्याला असं ताटकळत ठेवू नये. अंगठा उमटत नसेल तर दुसरी सोय आहे, ती काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असलीच पाहिजे, आणि या वयाच्या माणसाला आधी खुर्ची दिली पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला फौजी नवे नाहीत. अपशिंगे मिलिटरी या गावाचं नाव देशभर आहे. पण आपल्याकडे फौजी म्हटलं की सीमा, बर्फ आणि बंदूक एवढंच डोळ्यांपुढे येतं. शाळेत १५ ऑगस्टला सत्कार करताना नानांची ओळख ‘सीमेवर लढलेले’ अशीच करून देतात. ते दुरुस्त करत नाहीत, नमस्कार करून खाली बसतात. १९७१ ला विशीत असलेली ही माणसं आता पंचाहत्तरी ओलांडून गेलीत. तुमच्या गावात, भावकीत कुणी नेव्हीवाला असेल तर याच महिन्यात जाऊन बसा त्यांच्यापाशी. किती शत्रू मारले ते विचारू नका. काम काय होतं ते विचारा.

परवा माझ्या मुलीनं तेच विचारलं, कानाशी तोंड नेऊन: “आजोबा, तुमचा बॉयलर दिसायचा कसा?” नानांनी तिच्याकडून एक पाठकोरा कागद मागून घेतला. चष्मा पुसला. आधी वरचा ड्रम काढला, मग खालचे दोन, मग नळ्या, एकेक, घाई न करता. चहा निवून गेला. शेवटी एका ड्रमवर बारीक वाकडी रेघ ओढली, आणि त्या रेघेवरून पेन पुन्हा एकदा फिरवलं.