स्प्रिंगफील्डची मांजरं आणि ‘निदान लक्ष तरी वेधलं’

ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये हैतीहून आलेले बेकायदा लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं मारून खातात, त्याचे फोटो आणि पोलिसांतल्या तक्रारी आहेत, माध्यमांनी सगळं दाबलं, असं सांगितलं जातं. आणि समजा गोष्ट थोडी इकडची तिकडे झाली असली, तरी तिच्यामुळे एका गांजलेल्या शहराकडे देशाचं लक्ष गेलं, असंही. १० सप्टेंबर २०२४ च्या अध्यक्षीय वादचर्चेत ट्रम्प यांनी हा मांजरांचा आरोप सहा कोटींहून अधिक प्रेक्षकांसमोर केला. खोटा ठरूनही तो फिरतोच आहे.

‘लोकांनी स्वतः पाहिलंय.’ कोणी? ज्या फेसबुक पोस्टवरून हे पेटलं, तिच्यात मांजर होतं शेजारणीच्या मुलीच्या मैत्रिणीचं. पत्रकारांनी माग काढला तेव्हा ती शेजारीण म्हणाली की आपणही हे दुसऱ्याच कुणाकडून ऐकलं. पोस्ट लिहिणाऱ्या बाईंनी नंतर पश्चात्ताप व्यक्त केला.

‘पोलिसांत तक्रार आहे.’ आहे ना. एका महिलेने हैतीच्या शेजाऱ्यांवर संशय घेऊन तक्रार दिली. काही दिवसांनी तिचं मांजर तिच्याच घराच्या तळघरात सुखरूप सापडलं आणि तिने शेजाऱ्यांची माफी मागितली. तक्रारीचा कागद मात्र पुरावा म्हणून पुढे केला गेला, मांजर सापडल्यानंतरही.

‘फोटो, व्हिडिओ खोटे कसे असतील?’ खोटे नाहीत, भलतीकडचे आहेत. हातात बदक-हंसासारखा पक्षी घेऊन चाललेल्या माणसाचा फोटो ओहायोतल्याच कोलंबस शहरातला. मांजर मारल्याबद्दल अटक झालेली बाई ओहायोतल्याच कँटन शहरातली, म्हणजे स्प्रिंगफील्डपासून अडीचशेहून अधिक किलोमीटरवरची, आणि जन्माने अमेरिकन.

‘सगळे बेकायदा घुसलेत.’ यातले बहुसंख्य लोक तात्पुरत्या संरक्षित दर्जावर किंवा तशाच कायदेशीर परवानगीने राहत होते आणि कामाला होते. हे खुद्द राज्यपाल माइक डिवाइन यांनी सांगितलं. ते रिपब्लिकन, आणि जन्मले स्प्रिंगफील्डमध्येच.

आता शेवटचा मुद्दा. समंजस माणसंही तिथे मान डोलावतात, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो: ‘गोष्ट खोटी असेल, पण लक्ष तरी वेधलं.’

हा बचाव जे. डी. व्हान्स यांचा, तेव्हाच्या ट्रम्प यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचा. १५ सप्टेंबरला सीएनएनवर ते म्हणाले की लोकांच्या हालांकडे माध्यमांनी बघावं म्हणून गोष्टी रचाव्या लागल्या तर आपण रचू. लगेच खुलासाही केला: मतदारांनीच आपल्याला हे सांगितलं, रचलं म्हणजे लक्ष तिकडे वळवलं. बरं, खुलासा धरून चालू. पण व्हान्स यांनी ९ सप्टेंबरला हाच आरोप करणारी पोस्ट टाकली त्याच दिवशी त्यांच्या कार्यालयातून शहराच्या प्रशासकांना फोन गेला होता. विचारलं, हे खरं आहे का? उत्तर मिळालं की याला काही आधार नाही. पोस्ट काढली नाही. दुसऱ्या दिवशी ‘या अफवा खोट्याही ठरू शकतात’ असं स्वतःच लिहून वर समर्थकांना मांजरांची मीम्स चालू ठेवायला सांगितलं.

शहराचे हाल मात्र खरे होते. जेमतेम ५८ हजारांच्या गावात काही वर्षांत १२ ते २० हजार माणसं आली, असा शहराचाच अंदाज. भाडी चढली, दवाखान्यात रांगा लागल्या, शाळांना दुभाषे पुरेनात. हे जगाला कळायला मांजर लागलं का? जुलै २०२४ मध्येच प्रशासकांनी घरटंचाईबद्दल सिनेटच्या समितीला पत्र लिहिलं होतं, आणि ओहायोचे सिनेटर म्हणून व्हान्स यांनीच त्या पत्राचा हवाला फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखांसमोर दिला होता. खरी गोष्ट हातात होती, मांडायला व्यासपीठ होतं, मांडणाराही हाच माणूस. घरभाड्यावर मीम होत नाही, एवढीच तिची खोट.

आणि जे लक्ष मिळालं ते कशावर? बॉम्बच्या किमान ३३ धमक्या आल्या, सगळ्या पोकळ, काही परदेशातून. शाळा रिकाम्या कराव्या लागल्या, नगरपालिकेची इमारत बंद ठेवावी लागली. २०२३ मध्ये हैतीच्या एका चालकाची गाडी शाळेच्या बसवर आदळून ११ वर्षांचा मुलगा गेला होता. त्याच्या वडिलांना वादचर्चेच्याच दिवशी शहराच्या सभेत उभं राहून विनवावं लागलं की माझ्या मुलाचं नाव राजकारणासाठी वापरू नका. हेही त्या ‘लक्षा’तच धरायचं का?

वादचर्चेच्या काही तास आधी डिवाइन यांनी आरोग्यसेवेसाठी २५ लाख डॉलर आणि रहदारीची शिस्त लावायला राज्याचे महामार्ग पोलीस देऊ केले होते. आठवडाभरात त्याच दलाचे ३६ जण रोज सकाळी शाळांच्या इमारतींत बॉम्ब शोधत होते.