नाक कुणाचं?

‘टॅबवर रंगसंगती पक्की झाली की कॅनव्हासवर फक्त उतरवायची’ हे टॅबवर आखून तैलरंगात व्यक्तिचित्र रंगवण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आखणी टॅबवर मीही करते. डोकं कुठे बसवायचं, पार्श्वभूमी गडद की फिकी, हे दहा वेळा बदलून बघता येतं, कॅनव्हास खरवडावा लागत नाही. पण रंग? पडदा स्वतःच उजेड टाकतो, तैलरंग बिचारा खोलीतल्या उजेडावर जगतो. टॅबवर उचललेली गालाची तांबूस झाक पॅलेटवर मिसळता मिसळता माझा नुसता चिखल झाला. शेवटी टॅब उलटा ठेवला आणि समोरच्या माणसाकडे बघत मातकट पिवळा यलो ऑकर, विटकरी लाइट रेड, पांढरा आणि सावलीत किंचित हिरवा टेर व्हर्ट असं जमवलं.

आणि फोटोबद्दल लेखात अवाक्षर नाही! मोबाइल हातभर अंतरावर धरून फोटो काढला की नाक फुगतं, कान मागे पळतात. सासऱ्यांचा असाच फोटो टॅबवर घेऊन, चौकटी पाडून इमानेइतबारे कॅनव्हासवर उतरवला. सासूबाई बघून म्हणाल्या, “बाकी हेच आहेत गं, नाक कुणाचं?” आता दोन-अडीच मीटर मागे जाऊन झूम करून काढते, तरी एक बैठक प्रत्यक्ष समोर बसवून घेतेच.