एका सेलपायी अख्खा पॅक?

गेल्या मे महिन्यात खंबाटकी चढताना माझ्या इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग ३१ टक्क्यांवरून दोन-तीन मिनिटांत ९ वर आलं. मागे आई आणि आत्या. एसी बंद केला, कडेकडेनं घाट चढवला आणि सुरूर फाट्याला थांबलो तेव्हा हातांना घाम फुटला होता.

गाडी सेकंडहँड, आधी एका कंपनीकडे कर्मचाऱ्यांची ने-आण करायची. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. किलोमीटर केव्हाच संपलेले. सर्व्हिस सेंटरनं लॅपटॉप लावला आणि सांगितलं, पॅक बदला. खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. "आत नेमकं काय बिघडलंय?" विचारलं तर उत्तर आलं, "आम्ही पॅक उघडत नाही."

या उत्तराचा मला अजून राग येतो.

कारण पॅक म्हणजे काही एकसंध दगड नव्हे, तो छोट्या छोट्या सेलचा बनलेला असतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल साधारण ३.२ व्होल्टचा असतो. असे शंभर एकापुढे एक जोडले की ३२० व्होल्ट होतात. दिंडी जशी सगळ्यात दमलेल्या वारकऱ्याच्या चालीनं चालते, तशी ही रांग सगळ्यात अशक्त सेलच्या चालीनं चालते. घाटात मोटर जोरात करंट ओढते, त्या एका सेलचा व्होल्टेज कोसळतो आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, त्याला वाचवायला सगळ्या गाडीची ताकद कमी करते. उरलेले नव्याण्णव ठणठणीत असले तरीही.

शेवटी पिंपरीत बॅटरीचंच काम करणारा एक कारागीर भेटला. त्यानं प्रत्येक सेलचा आकडा दाखवला: एका मॉड्यूलमधले, म्हणजे सेलच्या एका गठ्ठ्यातले, दोन सेल बसलेले, बाकी सगळे जवळजवळ सारखे. नवं मॉड्यूल तो लावेना. जुन्या रांगेत कोरा सेल घातला तर तोल जमत नाही, म्हणून त्यानं तितकंच वापरलेलं, क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून जुळवलेलं मॉड्यूल घातलं. तीन दिवस गेले, त्यातले दोन निव्वळ सेल एका पातळीवर आणण्यात आणि पॅक बंद केल्यावर पाणी शिरत नाही ना, हे तपासण्यात. खर्च पहिल्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजचं नाही, घरी करायचं तर मुळीच नाही. ३०० व्होल्ट डीसी माणूस मारतो. पॅकचा जोड तोडणारा सर्व्हिस प्लग काढला तरी सेलमधला व्होल्टेज तिथेच असतो. म्हणून तर हे आयटीआयमध्ये नीट शिकवायला हवं, आणि कंपन्यांनी मॉड्यूल, गॅस्केट, तपासणीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या प्रशिक्षित माणसाला विकत द्यायला हवं.

होत नाही असं नाही. निसानच्या पहिल्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीमध्ये ४८ मॉड्यूल बोल्टनं बसवलेली होती. २०१८ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा प्रांतातल्या नामिए गावात जुन्या लीफच्या बॅटऱ्या तपासून, चांगली मॉड्यूल निवडून पुन्हा पॅक बांधायचा कारखाना सुरू झाला. असा पॅक ३ लाख येनला, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागला. उलट आता काही पॅक फोम आणि डिंक भरून असे बंद करतात की उघडताना सेलच फुटावेत. हलकेपणा, मजबुती, सगळं मान्य. पण पाच-सहा वर्षांनी तो डिंक कोणाच्या खिशातून निघणार?

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यात ई-बाइक आणि ई-स्कूटरसाठी अट आहे: फेब्रुवारी २०२७ पासून पॅकमधला सुटा सेलसुद्धा स्वतंत्र कारागिराला बदलता आला पाहिजे. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटरीची विल्हेवाट उत्पादकावर टाकली, हे चांगलंच झालं. पण चांगले नव्याण्णव सेल भंगारात जाण्याआधी कोणी पॅक उघडून बघावा, ही सक्ती कुठे आहे? ती मोटारींना हवी, आणि लवकर हवी.

तुम्हाला कोणी "पॅक बदला" म्हणालं तर होकार देण्याआधी प्रत्येक सेलच्या व्होल्टेजचा रिपोर्ट लेखी मागा, गाडी चढावर असतानाचा. नुसता उभ्या गाडीचा रिपोर्ट घेऊ नका, त्यात माझेही सगळे सेल छान दिसत होते.