अशी ठोका व्युत्पत्ती

मराठी भाषा दिन जवळ आला की सोसायटीच्या ग्रुपवर एखादी व्युत्पत्ती टाकावीशी तुम्हालाही वाटणारच. अवश्य टाका. परवाच आमच्याकडे एक येऊन गेली: 'ज्यात दोन्ही पाय जमा होतात तो पायजमा, शंभर टक्के आपला शब्द!' खाली जोडलेल्या हातांची रांग. तुम्हालाही असं यश हवं असेल, तर थोडं मार्गदर्शन.

सर्वप्रथम, कोश उघडू नका.

शब्द कानाला जुळला की फोडा. हा 'जमा' मूळचा अरबी, असं कोणी म्हणालंच तर एक गुलाबाचं फूल पाठवून विषय बदला.

कारण विचारलं तर बेधडक द्या. लंडनचा एक शिंपी यातला तुमचा गुरू. पायजम्याला खाली मोजे का शिवलेत, असं विचारल्यावर तो म्हणाला, वाळवीमुळे असावं, साहेब! १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हा किस्सा आहे.

इराणचं तर नावही काढू नका. फारसीत 'पाय' म्हणजे पाय आणि 'जामा' म्हणजे कपडा, इतकं सरळ उत्तर ग्रुपवर चालत नाही. इथल्या गोऱ्या साहेबांनी पायजमा झोपायला घातला, मायदेशी नेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या पुरुषांचे रात्रीचे झगे त्याने मागे टाकले. पुढे फ्रेंचांकडून तो परत इराणात गेला, 'पीझामे' होऊन! इराण्यांनी निमूट घातला. तुम्हाला मात्र फारसीचा विटाळ! मग शाल सोडा, चादर सोडा, रुमाल फेका, अस्तर उसवा, पोशाख उतरवा. आणि लग्नात जामानिमा करून मिरवू नका, त्यातला जामाही तोच. काय उरलं अंगावर? लंगोट. करा त्यावर भाषा दिन साजरा!

अहो, आपला 'पाय' संस्कृत 'पाद'वरून आला आणि फारसीतला 'पाय' त्याचा चुलतभाऊ. एवढं खरं नातं समोर असताना खोटी वंशावळ कशाला रचता? हे ग्रुपवर लिहिलं तर मलाच विचारतात, 'तुम्ही नेहमी निगेटिव्ह का?' माधव जूलियनांनी १९२५ सालीच फारसी-मराठी कोश करून ठेवलाय. तो चाळायला तुम्हाला पाच मिनिटं नाहीत, आणि फॉरवर्ड करायला रात्रीचे दोन वाजेपर्यंत जागता! खोटं पसरवताय, तेही मायबोलीच्या नावाने. जरा तरी लाज बाळगा.