राखेचा विमा घ्या हो, राखेचा!

मला कुणीतरी एवढंच सांगा. गाडी भाड्याने देणाऱ्याने बुकिंगवर हिरव्या अक्षरांत 'विमा समाविष्ट' असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ विमा समाविष्ट असाच होतो ना? की माझंच डोकं कामातून गेलंय?

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं आइसलँडला गेलो. आठ दिवस, स्वतः गाडी चालवत. गाडी चार महिने आधी ठरवलेली, पैसे पूर्ण भरलेले. नवऱ्याने इंटरनॅशनल परमिटसाठी पेठ रोडच्या आरटीओत दोन खेपा घातल्या, हजार रुपये भरले. (काउंटरवरच्या पोरीने त्या परमिटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लायसन्स इंग्रजीत आहे ना, मग बास, म्हणाली. हजार रुपये गेले खड्ड्यात.) आदल्या दिवशी दुपारी नाशिक सोडलं. इगतपुरीपासून आमण्यापर्यंत समृद्धीने सुसाट, आणि तिथून पुढे ठाण्यापर्यंत गोगलगाय. रात्रीचं विमान, मध्ये बदलायचं, मग दुसऱ्या दिवशी दुपारी केफ्लाविक. अंग आंबलेलं, डोळ्यांत झोप. आणि नेमकं ह्याच अवस्थेत हे लोक तुम्हाला गाठतात.

काउंटरवरची पोरगी गोड. आपला विमा आहे, म्हणाली, पण नुकसानीचे पहिले साडेतीन लाख क्रोना तुमचे. म्हणजे आपले जवळपास अडीच लाख रुपये! त्याच्या वर काही झालं तर कंपनी बघेल. अगं बाई, तुमची गाडी दरीत गेल्याशिवाय माझं नुकसान अडीच लाखांवर जाणारच कशाला? म्हणजे आरसा तुटला, दाराला पोचा आला, ते सगळं माझ्याच खिशातून. ह्याला विमा म्हणायचं?

मग तिने तक्ता काढला. खडी उडून काच फुटली तर त्याचा विमा वेगळा. वाळू आणि राखेने रंग खरवडला तर त्याचा वेगळा. राखेचा विमा! ज्वालामुखीचा देश आहे, वादळात वाळू उडते, रंग निघतो, हे मला कबूल आहे. पण मग विमा समाविष्ट म्हणताना नक्की काय समाविष्ट केलं होतं, ते तरी सांगा. आणि कळस म्हणजे, तिकडे वारा एवढा की हातातून दार सुटलं तर ते उलटं फिरून बिजागरीतून वाकतं. म्हटलं, ह्याचा कुठला? तर म्हणाली, हे कशातच बसत नाही, दार दोन्ही हातांनी धरून उघडा. नदीतून गाडी घातली आणि खालून पाणी शिरलं तर तेही कशातच नाही. म्हणजे ज्या गोष्टी तिथे खरंच होतात, नेमक्या त्याच बाहेर.

माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं, घरी द्राक्षबाग. गारपीट झाली की ७२ तासांच्या आत कळवा, फोटो पाठवा, पंचनाम्याला कुणी येईपर्यंत फुटलेले घड तसेच लटकत ठेवा, हे दरवर्षी दादांच्या तोंडून ऐकते. मला वाटायचं विमावाल्यांची सगळी सोंगं मला पाठ आहेत. कसलं काय.

आता मुख्य गंमत. ज्या साइटवरून गाडी घेतली, तिथेच आम्ही नऊ हजार देऊन 'फुल कव्हर' घेतलं होतं. ते दाखवलं. पोरगी हसली. म्हणाली, तो तुमचा आणि त्यांचा व्यवहार. नुकसान झालं तर आम्ही तुमच्याकडून कापणार, तुम्ही त्यांच्याकडून मागा. तोवर अडीच लाख डिपॉझिट म्हणून क्रेडिट कार्डावर अडकवणार. नाहीतर आमचा विमा घ्या, आठ दिवसांचे अठ्ठावीस हजार, मग डिपॉझिट नाही. बोला. मागे रांग लागलेली, जर्मन म्हातारा घड्याळ बघतोय.

मी माझं कार्ड पुढे केलं, पाच लाखांचं लिमिट आहे. नाही चालत! कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचंच हवं, आणि बुकिंग नवऱ्याच्या नावावर. म्हटलं, मग मीच मुख्य ड्रायव्हर, रोज नाशिक-पिंपळगाव मीच चालवते. तर म्हणे बुकिंग रद्द करून आजच्या भावाने नवीन घ्या. आजचा भाव बघितला आणि मी गप्प बसले. नवऱ्याच्या कार्डाचं लिमिट तीन लाख, त्यातले चाळीस हजार आधीच तिकिटांना गेलेले. तरी नवरा पेटला. अठ्ठावीस हजार फुकट देणार नाही, म्हणाला. अडीच लाख अडकवले, कार्डावर उरले दहा हजार. मी तेव्हाच म्हटलं होतं, घे तो विमा. आता हे वाचून तो म्हणेल, तू असं काही म्हणालीच नव्हतीस.

ह्यात दीड तास. मग गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला, वाऱ्यात ओढणी तोंडावर, मोबाईल धरवत नाही. मग डाव्या बाजूचं स्टिअरिंग. सिग्नल द्यायला गेला की वायपर चालू. पहिल्याच मोठ्या गोलाला कळलं की तिकडे आतल्या लेनमधल्या गाडीला बाहेर पडताना आधी वाट द्यायची असते. आम्ही नाशिकच्या द्वारका चौकात घडलेली माणसं, जो घुसला तो पुढे! मागून हॉर्न, मी किंचाळतेय, नवरा माझ्यावर ओरडतोय. थिंगवेलिर, गेसिर, गुलफॉसचा धबधबा, सगळं पहिल्याच दिवशी करायचं ठरलं होतं. जूनचा उजेड होता, मध्यरात्रीपर्यंत दिसलं असतं. पण अंगात त्राणच नव्हतं. गुलफॉसच्या बोर्डाचा फोटो आहे आमच्याकडे. बोर्डाचा.

सेल्फॉसला गेस्ट हाउसवर पोचलो, तीन रात्रींचं बिल आल्याबरोबर द्यायचं होतं. नवऱ्याचं कार्ड डिक्लाइन! माझ्या कार्डाला मुंबईहून ओटीपी, आणि रोमिंगवर ओटीपी काही येईना. शेवटी फॉरेक्स कार्डातून दिले. आठ दिवसांच्या खाण्यापिण्याचे म्हणून भरलेले पैसे, पहिल्याच संध्याकाळी अर्ध्याच्या वर साफ. रात्री बॅगेतला चिवडा आणि दशम्या खाल्ल्या, एकमेकांशी न बोलता, बाहेर टळटळीत ऊन.

परत येऊन आज एकोणीस दिवस झाले. गाडी एक ओरखडा न पाडता दिली, ते अडीच लाख अजून अडकलेले. गाडीवाले म्हणतात आम्ही सोडले, तुमच्या बँकेला विचारा. बँक म्हणते समोरून आले की सुटतील. रविवारी माहेरी गेले तेव्हा दादांसमोर हेच सगळं तणतणले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "बहात्तर तासांत कळवलं होतंस का?"