कार्यकर्तीचा पगार कोणी द्यायचा?

गेल्या महिन्यात सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला आणि बोलता बोलता विषय संजयनगरच्या बाजूला चालणाऱ्या एका लहानशा संस्थेवर आला. दोन खोल्यांत चालणारे हे काम मी गेली काही वर्षे, दर सुट्टीत घरी गेले की, जवळून पाहते आहे. संध्याकाळी तिथे वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका भरते, दुपारी बायकांचा शिवणवर्ग असतो, आणि सकाळी दहा ते एक या वेळात एक कार्यकर्ती टेबलापाशी बसून रेशनकार्ड, आधार, निराधार पेन्शन, शिष्यवृत्ती अशी लोकांची अडलेली कामे मार्गी लावते. भावाचे म्हणणे असे की आता सरकार बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० रुपये थेट जमा करते, रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, तेव्हा या संस्थांना काम उरले कोठे? त्याच आठवड्यात इकडे इंग्लंडमध्ये, मी राहते त्या लेस्टरला, ओळखीची काही मराठी कुटुंबे एकत्र जमली होती. या संस्थेला आपण वर्षभर मदत करावी, असे मी तिथे सुचवले. सर्वांनी मनापासून होकार दिला, मात्र एक अट घातली: आपला पैसा थेट गरिबांपर्यंत पोहोचला पाहिजे, पगारावर त्यातला रुपयाही जाता कामा नये.

भाऊ आणि ही मंडळी एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांच्या बोलण्याच्या मुळाशी समजूत एकच आहे. मदत म्हणजे रक्कम किंवा वस्तू, आणि ती देताना मध्ये जो माणूस लागतो तो म्हणजे टाळता आला तर टाळावा असा खर्च. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि ती गरिबांच्या मुळावर येणारी आहे असेही वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. खात्यात थेट पैसे देण्याला माझा विरोध नाही. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून ‘फुकट देऊन लोकांना आळशी करता’ हे वाक्य मी फोनवर, लग्नकार्यात, सांगलीच्या एसटी स्टँडवरसुद्धा ऐकले आहे. ज्या देशात मी बावीस वर्षे राहते आहे, तिथे मुलांसाठी कुटुंबाला भत्ता देण्याची पद्धत १९४६ पासून कोणत्या ना कोणत्या रूपात चालू आहे. माझी मुलगी लहान असताना तो भत्ता माझ्याही खात्यात येत होता आणि तो घेताना मला कमीपणा वाटला नाही. त्यामुळे आमच्या घरातले कोणी आळशीही झाले नाही. मिरज–सांगलीतल्या एखाद्या धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हातात तिच्या नावाचे १५०० रुपये येत असतील, तर त्याचा मला आनंदच आहे. पण खात्यात पैसे येण्यासाठी आधी खाते, आधार, मोबाइल आणि कागद यांचा एकमेकांशी मेळ बसावा लागतो, आणि ज्यांचा तो बसत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी टेबलापाशी बसलेले असावे लागते.

मागच्या डिसेंबरात मी त्या टेबलाशेजारी तीन सकाळी बसले होते. कार्यकर्तीकडे एक लांबट हिशेबाची वही आहे. तिच्यावर तिने पट्टीने रकाने आखले आहेत: तारीख, नाव, काम, कोणाला भेटलो, पुढे काय. त्यातल्या एकाच नावापुढे सात तारखा होत्या. ती बाई साठी ओलांडलेली, उभा जन्म हळदीच्या वखारीत हळद निवडण्यात गेलेला. तिच्या बोटांचे ठसे इतके झिजले आहेत की रेशन दुकानातल्या यंत्रावर ते जुळेनात. दुकानदाराने मोबाइलवर येणारा आकडा विचारला, तर आधारला जोडलेला नंबर नातवाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा निघाला. मग आधार केंद्र, तिथे ‘आज सर्व्हर नाही’, पुन्हा आधार केंद्र, नवा नंबर, मग पुरवठा कार्यालय, मग दुकानदाराशी बोलणे. सातव्या तारखेपुढे लिहिले होते: ‘धान्य मिळाले. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणे.’ या सगळ्यात संस्थेने त्या बाईला एक किलो तांदूळही दिला नव्हता. तिच्या हक्काचे धान्य तिच्या घरी आले, ते कार्यकर्तीच्या सात सकाळींमुळे. या सकाळी हिशेबपत्रकात दाखवायच्या झाल्या तर त्या ‘पगार’ याच शीर्षकाखाली दाखवाव्या लागतात.

गेल्या वर्षी लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा तर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला गेला. ज्यांचे नवरेही नाहीत आणि वडीलही नाहीत, किंवा नवरा आहे पण वर्षानुवर्षे घरी आलेला नाही, अशा बायकांनी काय करायचे? मुदत वाढवून मिळाली, पण मुदत वाढली म्हणून कागद आपोआप जुळत नाहीत. त्या दिवसांत टेबलापुढची रांग खोलीबाहेर जाऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत होती, असे कार्यकर्तीने सांगितले. भावाला मी एवढेच म्हटले की थेट खात्यात पैसे देण्याची योजना जितकी मोठी होईल, तितकी या टेबलाची गरज वाढते.

इकडचा अनुभवही मला हेच सांगतो. मी शनिवारी सकाळी एका चर्चच्या सभागृहात चालणाऱ्या अन्नकेंद्रात काम करते. ब्रिटनमध्ये अशी केंद्रे आता गावोगावी आहेत. त्यांच्या सर्वांत मोठ्या जाळ्याने, म्हणजे ट्रसेलने, २०२३-२४ या एका वर्षात ३१ लाख शिधापिशव्या वाटल्या. साधारण तीन दिवस पुरेल इतका शिधा एका पिशवीत असतो. हे ज्या देशात घडते तिथे बेकारभत्ता आहे, घरभाड्याला मदत आहे आणि ती सगळी थेट खात्यातच जमा होते. तरी माणसे शिधा मागायला येतात, कारण नवा अर्ज केल्यापासून पहिली रक्कम हाती पडेपर्यंत पाच आठवडे जातात, किंवा एखाद्या फॉर्ममधली चूक निस्तरेपर्यंत भत्ता थांबलेला असतो. आमच्या सभागृहात दोन टेबले होती. एकावर आम्ही पिशव्या भरत असू आणि दुसऱ्यावर एक सल्लागार बसत असे, जो संबंधित कार्यालयाला फोन लावून, कधी चाळीस-चाळीस मिनिटे तो कानाला धरून, माणसाचा अडलेला भत्ता सोडवून घेत असे. आम्ही स्वयंसेवक बिनपगारी होतो, त्याला पगार होता. तीन वर्षांनी त्याच्या पदासाठीचे अनुदान संपले आणि ते टेबल रिकामे झाले. डाळी, पास्ता, डबाबंद भाजी यांचा ओघ मात्र तसाच राहिला, कारण वस्तू द्यायला लोक नेहमीच तयार असतात. पुढे माझ्या लक्षात आले की पूर्वी दोन-तीन शनिवारांनंतर जे चेहरे दिसेनासे होत, ते आता महिनोन्‌महिने येत राहिले आहेत. शिधा त्यांना मिळत होता. ज्या कारणाने तो मागावा लागत होता, ते दूर करणारा माणूस तेवढा नव्हता.

वस्तूंचा हा ओढा मी सांगलीतही पाहिला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट हे सखल भाग आधी बुडतात आणि तिथे राहणारी माणसे बहुतेक हातावर पोट असणारी आहेत. महाराष्ट्रभरातून मदत आली, ती देणाऱ्यांचे मन मोठे होते यात शंका नाही, आणि पहिल्या आठवड्यात अन्न, पाणी, औषधे यांच्यामुळे जीव वाचले. पण महिन्याभराने मी घरी पोहोचले तेव्हा जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात पडलेले होते, आणि त्याच वेळी पंचनाम्यात नाव नसलेली, भाड्याच्या घराचा पुरावा भिजून गेलेली कुटुंबे कार्यालयांच्या पायऱ्यांवर बसून होती. आम्ही इथून एक कंटेनर भरून पांघरुणे पाठवायला निघालो होतो. त्या पैशात दोन शिकलेली मुले सहा महिने नेमली असती, तर शे-दोनशे घरांची कागदपत्रे उभी राहिली असती. ही चूक माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

माणसावर खर्च करणे ही परदेशातून आणलेली कल्पना आहे असे कोणी म्हणू नये, कारण ती आमच्याच मातीतली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि जेवत. एकदा घरात धान्य नव्हते तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या प्रसंगातला त्याग आपण आठवतो, पण रोज पहाटे उठून त्या मुलांचा स्वयंपाक करणारे, आजारी मुलाजवळ रात्रभर बसणारे हातही त्यांचेच होते, हे आपण कमी बोलतो. पुढे संस्था वाढली ती आजीव सेवकांच्या जोरावर. म्हणजे संस्थेलाच आयुष्य वाहिलेल्या आणि संस्थेने ज्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी घेतली, अशा माणसांच्या जोरावर.

दुसरे उदाहरण माणदेशातले. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या बायका पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि ‘आम्हाला व्याजाचे गणित घाला, तुमच्या अधिकाऱ्यांच्या आधी तोंडी सोडवून दाखवतो’ असे म्हणाल्या, ही हकिकत आता सर्वज्ञात आहे. मला त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. मजुरी बुडवून बँकेत येणे या बायकांना परवडत नव्हते, म्हणून बँकच त्यांच्या दारात जाऊ लागली. रोज दारोदार जाऊन दहा-वीस रुपये गोळा करणारी, त्याची नोंद करणारी माणसे नेमावी लागली. हिशेबाच्या चष्म्यातून पाहिले तर तो आस्थापना खर्च आहे. तो खर्च केला नसता तर बँक असती, पण ज्यांच्यासाठी ती काढली त्या बायका तिच्यात नसत्या.

संस्थांविषयी लोकांना जो संशय आहे तो निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. कागदावर चालणाऱ्या संस्था, फोटोपुरते कार्यक्रम, नातेवाइकांनाच वाटलेल्या नेमणुका हे सगळे आपल्याकडे आहे. मीही सुरुवातीला एका ठिकाणी पैसे दिले आणि वर्षभर पावतीही मिळाली नाही. परंतु यावरचा उपाय पगार बंद करणे हा नाही, हिशेब मागणे हा आहे. इथे अगदी लहान संस्था सोडल्या, तर नोंदणीकृत संस्थेचा वार्षिक हिशेब चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कोणालाही घरबसल्या पाहता येतो, आणि वर्षाला ६० हजार पौंडांहून अधिक वेतन किती जणांना मिळते हेही त्यात दिसते. आपल्याकडेही न्यासांनी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यायचे असतात. तो ताळेबंद मागावा, कार्यकर्तीची वही पाहावी, वस्तीत जाऊन चार घरी विचारावे. संजयनगरच्या संस्थेने ताळेबंद मला त्याच दिवशी दाखवला. त्यात कार्यकर्तीचे मानधन महिना १२ हजार होते आणि आदल्या वर्षी त्यातले तीन महिने ते देता आलेच नव्हते, कारण ज्या कंपनीने सामाजिक जबाबदारीच्या निधीतून शिलाई यंत्रे दिली होती, तिच्या अटींत शिकवणारीचे मानधन बसत नव्हते. त्या दिवसांत नवीकोरी यंत्रे कापडाखाली झाकून ठेवलेली होती.

परदेशातून देणाऱ्यांना कायद्याची एक बाजूही नीट समजून घ्यावी लागते, आणि बैठकीत याविषयी बराच गोंधळ होता म्हणून लिहिते. ज्याचा पासपोर्ट भारतीय आहे तो परदेशात राहत असला, तरी त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याजवळ ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी त्याचे पैसे परदेशी योगदान ठरतात, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा, याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेली संस्था ते घेऊ शकत नाही. नोंदणी असेल तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, आणि त्यातला प्रशासकीय खर्च ५० ऐवजी २० टक्क्यांवर आणला गेला आहे. रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार या मर्यादेत धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते टेबलापाशी बसून हळदीच्या वखारीतल्या बाईचे धान्य मिळवून देणारी कार्यकर्ती त्याच पंक्तीत बसायला हवी.

हे सगळे मी दुसऱ्या बैठकीत बोलले. सोबत वहीच्या त्या एका पानाचा, नावे झाकलेला, फोटो दाखवला. फार वाद झाला नाही. एका वडीलधाऱ्या काकांनी सातही तारखा मोठ्याने वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला. नऊ कुटुंबांनी दरमहा १५०० रुपये द्यायचे ठरवले, आणि ते पगारासाठी आहेत असे पत्रात स्वच्छ लिहून द्यायचे ठरवले. माझ्यासह सहा घरांचे पासपोर्ट भारतीय आहेत, त्यांचे नऊ हजार सांगलीला जातात, आणि वरचे तीन हजार गणपती पेठेतल्या दोन व्यापाऱ्यांकडून मिळवण्याचे काम भावाने स्वतःहून अंगावर घेतले आहे. उरलेल्या तीन घरांचे नागरिकत्व ब्रिटिश आहे आणि संजयनगरच्या संस्थेची एफसीआरए नोंदणी नाही. त्यांनी आपले पैसे आमच्या चर्चच्या सभागृहातल्या त्या दुसऱ्या टेबलासाठी द्यायला सुरुवात केली आहे.